स्मरणिका वर्गाची, फोटो तिचा

पत्र थोडक्यात : मध्य मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला असलेल्या एका मुलीचं पत्र आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळून अडचण अशी. 'अ' (सेमी-इंग्रजी) आणि 'ब' अशा दोन तुकड्या मिळून ७१ मुलांची स्मरणिका काढायची ठरली आहे. तिचं मराठी चांगलं, म्हणून संपादकपद तिच्या गळ्यात पडलं. समितीत सहा जण आहेत. कोरोनात पाचवीचं अख्खं वर्ष आणि सहावीचा बराचसा भाग मोबाईलवर गेल्यामुळे त्या काळाचे फोटो जवळजवळ नाहीतच. आहे तो एक स्क्रीनशॉट : ऑनलाइन तासाला तिचं नेट अडकलं आणि तोंड उघडं असतानाच चेहरा गोठला. तेव्हापासून वर्गात तिचं नाव 'बफरिंग'. त्याचा स्टिकर अजून ग्रुपवर फिरतो. आता समितीला 'ऑनलाइन शाळा' या पानावर तोच फोटो हवा आहे. निरोप समारंभात फिशपॉन्ड (एकमेकांना चिमटे काढणाऱ्या निनावी चिठ्ठ्या स्टेजवर वाचायचा खेळ) ठेवलेत, आणि वर्गशिक्षिकांनी 'शाळेचे सोनेरी दिवस' या विषयावर संपादकीय मागितलं आहे. ती विचारते, "मला हे दिवस सोनेरी वाटलेच नाहीत. खोटं लिहू, खरं लिहून सगळ्यांचा मूड घालवू, की संपादकपदच सोडू?" शेवटी आणखी एक प्रश्न : नववीत नापास होऊन मागच्या वर्गात राहिलेल्या मित्राचं नाव घालायचं का?

प्रिय संपादकबाई,

आधी फोटोचं मिटवू, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशी अडलंय. तो फोटो छापायचा नाही. त्यासाठी तुला रडून दाखवायची गरज नाही, 'मला किती वाईट वाटतं' हे समितीला पटवून द्यायचीही नाही. समितीच्या पुढच्याच बैठकीत, एकही फोटो निवडण्याआधी, एक नियम कागदावर लिहून घे : फोटोत जो आहे तो नाही म्हणाला की फोटो बाद, कारण विचारायचं नाही. नियम ७१ जणांना सारखा. मग तुझा फोटो हा तुझा एकटीचा हट्ट राहत नाही. त्या स्क्रीनशॉटमध्ये बाकीच्या चौकटींतही चेहरे असतीलच. कोणी बनियनवर, कोणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. त्यांनाही कोणी विचारलेलं नाही.

'स्पोर्टिंगली घे' असं म्हणणाऱ्याला सहसा काहीच घ्यायचं नसतं, एवढं लक्षात ठेव. स्टिकरचं म्हणशील तर तो पूर्ण पुसता येईल अशी आशा धरू नकोस. एकदा दुसऱ्याने सेव्ह केला की पाठवणाऱ्याने डिलीट करूनही तो त्याच्या फोनमध्ये राहतो. पण ज्याने बनवला त्याला, ग्रुपवर नव्हे तर समोर उभं राहून, "यापुढे टाकू नकोस आणि कोणी टाकला तर तू थांबव" असं सांगता येतं. हे निरोप समारंभाच्या दिवशी करू नकोस. त्या दिवशी सगळे शर्टावर सह्या घेण्याच्या गडबडीत असतात, कोणी मनापासून ऐकत नाही. साध्या दिवशी, मधल्या सुट्टीत. त्याने हसण्यावारी नेलं तर वर्गशिक्षिकांना सांग. चिडवणं एवढं होत असेल की शाळेत जावंसं वाटत नाही किंवा अभ्यासाला बसलं की तेच डोक्यात येतं, तर घरी आणि शाळेच्या समुपदेशकांना आजच सांग. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन अशा गोष्टींसाठीही असते.

आता तुझ्या पत्रात तू न तपासता धरून चाललीस त्या गोष्टी. एक तर, बाकी सत्तर जणांचे दिवस सोनेरी होते आणि तुझेच तेवढे नव्हते, हे तुला कुठून कळलं? ग्रुपवरच्या मेसेजवरून. जानेवारी उजाडला की दहावीच्या प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर तोच मजकूर फिरतो, 'ये दिन फिर नहीं आएंगे' छापाचा. तो टाकणाऱ्या मुलाला आठवीत कोण बाकावर बसू देत नव्हतं हे तुला माहीत नसेल. समितीतल्या सहाही जणांची ओळख तू पत्रात दिली आहेस आणि सहाही सेमीचे आहेत. 'ब' तुकडीचा उल्लेख ७१ हा आकडा सांगताना एकदाच येतो. 'हुशार मुलं सेमीला' हे ऐकत सहा वर्षं काढलेल्या मुलांना शाळा कशी आठवते, हे तुमच्या समितीत कोणालाच सांगता येणार नाही. तेव्हा पुढच्या बैठकीला 'ब'मधले किमान तीन जण घे. फोटो गोळा करायला म्हणून नव्हे, मजकूर निवडायला.

दुसरं, तू समजतेस की संपादकाने सगळ्यांच्या वतीने गोड किंवा कडू, काहीतरी एक म्हणायचं असतं. तसं नसतं. संपादकाचं काम प्रत्येकाला जागा देणं आणि नावं बरोबर छापणं. 'आम्ही सगळे' ने सुरू होणारं संपादकीय कोणालाच आपलं वाटत नाही. तुला खोटंही लिहायचं नाही आणि स्मरणिकेत हिशोबही चुकते करायचे नाहीत. मग उरतं ते घडलेलं. वर्गशिक्षिकांनी विषय दिलाय, शब्द दिलेले नाहीत. पहिलं वाक्य असं करून बघ : 'आम्ही पाचवीत आलो तेव्हा शाळा बंद होती.' २०२० च्या जूनमध्ये तुमचं हायस्कूल सुरू झालं. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले १५ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे तुमची सहावी निम्मी सरल्यावर. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे ते पुन्हा बंद झाले आणि २४ तारखेला परत उघडले. एवढ्या तारखा ओळीने मांडल्यास तरी तुमची बॅच आदल्या सगळ्या बॅचेसपेक्षा वेगळी का, ते दिसतं. २५० शब्द पुरेत. सोनेरी, अविस्मरणीय, ज्ञानमंदिर, दुसरं घर यांची गरज पडणार नाही, आणि बाईंनाही आक्षेप घ्यायला जागा राहणार नाही. तुला स्वतःविषयी लिहायचंच असेल तर ते संपादकीयात नको. इतरांसारखंच तुझ्या नावाच्या चौकटीत, 'मी' म्हणून लिही. चिडवण्याबद्दल लिहायचं की नाही, ते तुझं तू ठरव. लिहिलंस तर नाव न घेता, काय झालं तेवढं.

'ऑनलाइन शाळा', म्हणजे पाचवीचं पान फोटोशिवाय कसं भरायचं? इथे तुमच्याकडे फोटोपेक्षा चांगली गोष्ट आहे. सगळ्यांना एकच प्रश्न विचार : 'तुझा पाचवीचा वर्ग कुठे भरायचा?' उत्तर एका ओळीत. कोणी पोटमाळ्यावर बसायचं, कोणी चाळीच्या कॉमन गॅलरीत शेजाऱ्यांचं वायफाय पकडून, कोणी गावी रेंज येते म्हणून देवळाच्या पायऱ्यांवर. कोणाचा वर्ग बाबा ड्युटीवरून आल्यावर रात्री भरायचा, कारण घरात फोन एकच. कोणाचा भरलाच नसेल, तेही छापायचं. एका खाली एक ७१ ओळी, बारीक टाईपात, समोरासमोरच्या दोन पानांवर. या ओळींपुढे तो गोठलेला चेहरा अगदीच पोरकट वाटेल आणि समितीलाही ते पटेल.

बाकीच्या मजकुरासाठी 'शाळेबद्दल दोन शब्द' मागू नका. तसं मागितलं की साठ जण तेच दोन शब्द लिहितात. फुलस्केपच्या एका बाजूला मावेल असा फॉर्म करा. वर पहिली ओळ : 'तुझं नाव कसं छापू?' टोपणनाव ज्याला हवं त्याचं छापलं जाईल, ज्याला नको त्याचं नाही. तुझ्या बाबतीतलं काम या एका ओळीने, तुझा विषयही न निघता होऊन जातं. मग प्रश्न, लिहिणाऱ्याने आवडेल तो निवडायचा : शाळेत कसा यायचास, कोणती बस, कोणतं स्टेशन, कोणाबरोबर. डब्यात काय असायचं आणि ते कोण खायचं. शिक्षक सोडून शाळेत तुला कोणी काय शिकवलं. कोणत्या बाकावरून फळा दिसायचा नाही. शाळेतली कोणती गोष्ट परत नको. शेवटच्या प्रश्नापुढे दोन चौकोन ठेवा, 'छापा' आणि 'फक्त संपादकासाठी'. दुसऱ्या चौकोनावर खूण केलेले कागद तुझ्याशिवाय कोणी वाचायचे नाहीत आणि काम झालं की फाडून टाकायचे. उत्तराला ६० शब्दांची मर्यादा घालच, नाहीतर चार जण दीड-दीड पान लिहितात आणि 'ब'च्या शेवटच्या बाकाला जागा उरत नाही. ज्याला लिहिणं जड जातं त्याच्याशी पाच मिनिटं बोलून त्याच्या शब्दांत उतरवून घ्या. 'काही नाही लिहायचं' म्हणणाऱ्याची चौकट नावानिशी तशीच ठेवा.

पानांचा हिशोब आत्ताच कर, कारण छापखान्यात गेल्यावर तो बदलता येत नाही. ए-फाईव्ह आकाराच्या, मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत असतात. ३२ ची ३३ झाली की तुला ३६ चे पैसे लागतात आणि तीन कोरी उरतात. ६० शब्दांप्रमाणे ७१ जणांचे ४२६० शब्द होतात. ११ पॉइंटाच्या अक्षरात एका पानावर साधारण २५० शब्द बसतात, म्हणजे १७ पानं. फोटो ८, पाचवीचं पान २, नावांची यादी २, शाळेतली माणसं २, संपादकीय १. झाली ३२. कव्हर वेगळं, शीर्षक आणि समितीची नावं कव्हरच्या आतल्या बाजूला. रंगीत छपाई महाग, म्हणून आठही फोटोपानं बरोबर मध्ये ठेव, १३ ते २०. तेवढे दोनच कागद १३० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते) गुळगुळीत आर्ट पेपरवर रंगीत, बाकी ८० किंवा १०० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे साध्या छपाईच्या कागदावर काळं-पांढरं, कव्हर २५० जीएसएम. शंभरेक प्रतींना डिजिटल छपाईच परवडते. ऑफसेटला आधी छपाईच्या प्लेट बनवायचा खर्च येतो, तो काहीशे प्रती असतील तरच वसूल होतो. दादर, गिरगाव, फोर्ट, कुठेही जा, पण तीन ठिकाणांहून दर लिहून आण आणि दरात पिनिंग आणि कटिंग धरलंय का ते विचार.

छापताना चुकतं ते बहुतेक दोन ठिकाणी. पहिलं अक्षरांचं. तुम्ही मोबाईलवर टाईप केलेलं युनिकोड असतं, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर सारखं दिसणारं. अनेक छापखान्यांत डिझाइन जुन्या फॉन्टमध्ये होतं, आणि मजकूर बदलून घेताना रफार सरकतो, 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' तुटतो, 'ॲ' गायब होतो. म्हणून तुम्हीच पानं लावून, फॉन्ट एम्बेड केलेली (फाईलमध्येच सामावलेली) पीडीएफ द्या, आणि छापून आलेल्या प्रूफवर हर्षदा, ज्ञानेश्वरी, ऐश्वर्या असली नावं आधी बघा. नावांची यादी दोन्ही वर्गांच्या बोर्डावर दोन दिवस लाव, प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करायची. सही नाही तर छपाई नाही. नंतर कोणाचं आडनाव चुकलं म्हणून रडारड होत नाही.

दुसरं फोटोंचं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि पानभर छापला की फाटतो. 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. ए-फाईव्ह पानभर फोटोला १७४८ गुणिले २४८० पिक्सेल लागतात. पण खरी गडबड पिक्सेलची नसते. शाळेत मोबाईलला बंदी, त्यामुळे फोटो असतात ते स्नेहसंमेलनाचे, क्रीडादिनाचे आणि सहलीचे. ज्याच्या घरी सहलीचे पैसे निघाले नाहीत तो त्या अल्बममध्ये नसतोच. म्हणून ७१ नावांचा तक्ता कर, प्रत्येक निवडलेल्या फोटोगणिक खुणा कर. वर्गाचा सामायिक फोटो सोडून प्रत्येक चेहरा दोनदा आला पाहिजे, आणि दहाव्यांदा येणारा कापला गेला पाहिजे. जे सुटतील त्यांच्यासाठी मुख्याध्यापकांच्या परवानगीने एका सकाळी नवे फोटो काढा : जिना, नळ, शेवटचा बाक, तिथे नेहमी असणारी मुलं.

'शाळेतली माणसं' ही दोन पानं फक्त शिक्षकांनी भरू नका. शिपाई मामा आणि मावशी यांनी तुम्हाला पाचवीपासून पाहिलंय. त्यांची पूर्ण नावं छापा. ती बहुतेक मुलांना माहीत नसतात, विचारावी लागतील.

मागे राहिलेल्या मित्राचं समितीत ठरवू नका, त्याला विचारा. एकट्याला, ग्रुपवर नाही, आणि त्याचा जवळचा मित्र जाऊन. तीन पर्याय त्याच्यापुढे ठेव : फॉर्म भरून पूर्ण चौकट, फक्त यादीत नाव, किंवा काहीच नाही. तिन्ही चालतील. हीच पद्धत लॉकडाऊनमध्ये गावी जाऊन तिकडेच राहिलेल्यांना आणि शाळा बदललेल्यांना. वर्गशिक्षिकांना कॅटलॉगवरून (हजेरीपटावरून) पाचवी ते दहावीतली सगळी नावं काढून द्यायला सांग, नुसती नावं. कॅटलॉगात जन्मतारीख, जात, पत्ता हेही असतं. ते पान समितीच्या हाती द्यायचं नाही, फोटो तर काढायचाच नाही. यादीचं शीर्षक 'पाचवी ते दहावी आमच्याबरोबर' असं ठेव, म्हणजे कोण पास कोण मागे हा प्रश्नच उरत नाही.

फिशपॉन्ड. तो बंद करा असं म्हणणार नाही, मुलांना तो हवा असतो आणि चांगला झाला तर धमाल येते. तो बिघडतो कारण चिठ्ठी निनावी असते आणि वाचणारा ती पहिल्यांदा स्टेजवरच उघडतो. चिठ्ठ्यांचा डबा कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बंद करा. चिठ्ठीच्या मागे लिहिणाऱ्याने आपलं नाव लिहायचं. ते वाचलं जाणार नाही, पण निवडणाऱ्यांना माहीत असेल. एवढ्यानेच निम्मा कचरा डब्यात पडायचा थांबतो. निवडायला 'अ'चा एक, 'ब'चा एक आणि एक शिक्षिका. रंग, वजन, उंची, बोलणं अडखळणं, आडनाव, घरची परिस्थिती, मार्क आणि 'जोड्या' हे सगळं बाद. उरतं ते माणूस करतो त्यावरचं : रोज प्रार्थना संपल्यावर येणारा, कंपासपेटीत लिंबाची गोळी ठेवणारी, दर तासाला पाणी प्यायला जाणारा. आणि प्रत्येकाला एकच, पण एक नक्की. काहींना सात आणि काहींना एकही नाही, यातलं दुसरं जास्त लागतं. अर्ध्या मिनिटाला एक धरलं तरी ७१ जणांना ३६ मिनिटं लागतात, तेवढा वेळ कार्यक्रमात आधीच धरून ठेव.

पैशांचं पटकन. समजा एका प्रतीला ८० रुपये सांगितले आणि १०० प्रती काढल्या, तर ८००० होतात, प्रत्येकी साधारण ११३. वर्गात नावं पुकारून गोळा करू नका. बंद पाकीट वर्गशिक्षिकांकडे, ज्याला जमेल तेवढं. कमी पडलं तर मागच्या कव्हरवर शाळेजवळच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाची जाहिरात घ्या. प्रत मात्र सगळ्यांना, पैसे दिलेत की नाही न बघता.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं, कारण दहावी तुलाही आहे. पूर्वपरीक्षा आटोपली असेल. या आठवड्यात फॉर्म वाटा, पुढच्या आठवड्यात परत घ्या, पाकिटात घालून कपाटात ठेवा आणि शेवटचा पेपर होईपर्यंत त्यांना हात लावू नका. निरोप समारंभात स्मरणिका हातात असलीच पाहिजे असं काही नाही. पेपरनंतर टायपिंग नऊ जणांत वाटलं तर प्रत्येकी आठ फॉर्म येतात, एका संध्याकाळचं काम. वाटप एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, शाळेतच, मुलं गावी जायच्या आत ठेवा. शेवटच्या पेपरला नको, कारण बैठक क्रमांकांप्रमाणे तुम्ही वेगवेगळ्या केंद्रांवर असू शकता. गुणपत्रिकेच्या दिवशी तर मुळीच नको. तोवर निकालाने वर्गाची वाटणी झालेली असते, आणि एक-दोन विषय राहून एटीकेटी लागलेला किंवा पुरवणी परीक्षेला बसणारा त्या दिवशी शाळेत थांबत नाही.

राहिला राजीनाम्याचा प्रश्न. फोटोचा नियम समितीने मान्य केला नाही तर जरूर सोड, आणि का सोडलंस ते वर्गशिक्षिकांना सांग. मान्य केला, पण हे काम करताना तुला रोज तोच स्टिकर आठवणार असेल, तरी सोड. त्यात हार वगैरे काही नाही. फक्त फॉर्म वाटण्याआधी सोड, अर्ध्यात नको, आणि पद 'ब'मधल्या कोणाला तरी दे. राहिलीस तर एक गोष्ट ठामपणे सांभाळ : फोन नंबर छापायचे नाहीत, आणि पीडीएफ ग्रुपवर टाकायची नाही. मुलींचे नंबर आणि फोटो कुठून कुठे जातात याला धरबंध नसतो. दोन छापील प्रती शाळेच्या वाचनालयात द्या. ज्याला हवी त्याने तिथे बसून वाचावी.